हाक मारण्याआधी कान द्या



गेल्या महिन्यात सांगलीहून एका आठवीतल्या वाचकाचं पत्र आलं. पत्र छोटंसंच, पण प्रश्न असा की माझा चहा कपातच निवला. तो लिहितो, "माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या वर्गातला एक मुलगा सुट्टीत वडिलांबरोबर रानात जाऊन कोल्ह्यांना हाक मारतो म्हणे. तोंडात पिपाणीसारखं काहीतरी धरून फुंकायचं, की कोल्हा आपणहून समोर हजर! हे खरं की थाप? आणि खरं असेल तर मला जमेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : अगदी खरं. मी स्वतः पाहिलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लेखाच्या शेवटी. लगेच शेवटाकडे उडी मारू नका हं! मधलं वाचल्याशिवाय ते उत्तर पटायचं नाही.

हा 'कोल्हा' कोण?

पत्रातला कोल्हा म्हणजे आपल्या माळावरचा कोल्हा नव्हे. त्याचं नाव कायोटी. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल या जुन्या भाषेतल्या 'कोयोत्ल' शब्दावरून ते आलं. थॉमस से या अमेरिकन निसर्गअभ्यासकानं १८२३ साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं 'कॅनिस लॅट्रन्स', म्हणजे भुंकणारा कुत्रा. आकारानं हा आपल्या कोल्ह्यापेक्षा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान. वजन साधारण ९ ते २० किलो. कान मोठे, तोंड निमुळतं, शेपूट झुबकेदार आणि धावताना ती खाली लोंबती.

खाण्याच्या बाबतीत त्याचे फारसे नखरे नाहीत. उंदीर, ससे, नाकतोडे, मेलेली जनावरं, बोरासारखी फळं, काहीही चालतं. आपल्याकडे 'कोल्हा काकडीला राजी' म्हणतात ना? हा पठ्ठ्या कलिंगडालाही राजी! अ‍ॅडॉल्फ म्युरी या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात यलोस्टोनच्या जंगलात कायोटीच्या विष्ठेचे पाच हजारांहून जास्त नमुने गोळा करून तपासले. त्यात सर्वांत जास्त काय निघालं असेल? उंदरांसारखे छोटे प्राणी.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या गोष्टींतही कायोटी ठायी ठायी भेटतो. कधी तो सगळ्यांना फसवतो, तर कधी स्वतःच फजीत होतो. आपल्या गोष्टींतला धूर्त कोल्हा आठवला की नाही?

हाक म्हणजे नेमकं काय?

ससा संकटात सापडला की चिरक्या आवाजात ओरडतो. कायोटीच्या कानाला ते जेवणाचं बोलावणंच वाटतं. 'कुणीतरी ससा पकडलाय, चला, काही मिळतंय का बघू' असा त्याचा हिशेब. शिकारी नेमकी हीच नक्कल करतात. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची बोटभर नळी आणि आत पातळ पत्ती. जत्रेतल्या पिपाणीत असते ना, तशीच. ती फुंकली की सशाचा आकांत निघतो. काही जण कायोटीचीच कुई काढतात, तर काही जण दूरवरून चालणारा छोटा लाउडस्पीकर वापरतात.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण नळी फुंकणं हे या विद्येतलं सर्वांत शेवटचं आणि सर्वांत छोटं काम आहे. विशेषतः जागा नवीन असेल तर. तो कायोटी तिथे जन्मलेला असतो आणि तुम्ही त्या रानात कालच आलेले असता. तिथली प्रत्येक घळ त्याला पाठ असते. म्हणजे परीक्षा त्याच्या घरी, आणि पुस्तक फक्त त्याच्याकडे!

मी गेलो तेव्हा

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी माझ्या भाच्याकडे लॅरमीला गेलो होतो. लॅरमी हे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं गाव. उंची दोन हजार मीटरहून जास्त, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर. थंडी अशी की मिशांवर बर्फ धरतो.

भाच्याचा शेजारी शाळेत गणित शिकवतो. त्याला पंधरा वर्षांची मुलगी आहे. त्याचा भाऊ मेंढ्या पाळतो आणि आदल्या वसंतात त्याची बरीच कोकरं कायोटींनी नेली होती. बापलेक दोघं रॉलिन्स गावाच्या पलीकडे 'रेड डेझर्ट' नावाच्या ओसाड पठारावर जाणार होते. दोघांनाही तो भाग नवा.

"मामा, जाणार का?" भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, "बंदुकीला हात लावणार नाही. फक्त बघीन." शेजारी हसून म्हणाला, "चालेल. आम्हीही बराच वेळ तेच करतो."

त्या दोन दिवसांत मी जे शिकलो ते क्रमानं सांगतो.

१. पाय टाकण्याआधी नकाशा. मुलीनं घरीच टेबलावर नकाशा पसरला. मला वाटलं, बुद्धिबळाचा पट आहे! खरंच तसा होता. १८६० च्या दशकात तिथे रेल्वे बांधली तेव्हा सरकारनं रुळांच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे मैल-मैलाचे चौकोन आखले आणि एकाआड एक रेल्वे कंपनीला दिले. म्हणून आजही तिथे एक चौकोन सरकारी तर शेजारचा खाजगी. मध्ये कुंपण असेलच असं नाही. परवानगीशिवाय खाजगी चौकोनात पाऊल टाकलं तर तो गुन्हा. मुलीनं आपले चौकोन पेन्सिलीनं रंगवले, खाजगी जमिनीच्या मालकाला फोन करून परवानगी विचारली आणि आम्ही कुठे असू, किती वाजता परतू हे कागदावर लिहून तो कागद आईकडे दिला. अनोळखी जागी जाताना हा कागद विसरायचा नाही, मग ती जागा वायोमिंग असो की सिंहगडाची मागची वाट.

२. पहिली संध्याकाळ कानांची. सूर्य मावळताना आम्ही पठाराच्या कडेला गाडी थांबवली. मुलीचे हात शिवशिवत होते, पण वडिलांनी नळी खिशातून काढूच दिली नाही. "आज फक्त ऐकायचं." अर्धा तास काहीच नाही. मग एकदम उत्तरेकडून कुई उठली. आधी एक, मग दुसरी, मग नुसता कल्लोळ! मुलीनं विचारलं, "किती असतील?" मी छातीठोकपणे सांगितलं, "दहा-बारा." वडील म्हणाले, "दोन. फार तर तीन." कायोटी एकाच दमात आवाज इतका वरखाली करतो आणि टेकड्यांवरून तो असा घुमतो की दोघांचं ओरडणं झुंडीसारखं वाटतं. शास्त्रज्ञांनाही नुसत्या आवाजावरून त्यांची नेमकी संख्या ठरवणं जड जातं. मुलीनं वहीत दिशा आणि वेळ लिहिली. उद्या कुठे बसायचं ते रानानंच सांगितलं होतं.

३. जमीन वाचा. पहाटे बर्फावर पावलांची रांग दिसली. कायोटीचं पाऊल कुत्र्याच्या पावलापेक्षा लांबट आणि अरुंद. त्याची चालही सरळ, सुतात ओवल्यासारखी. पाळीव कुत्रा मात्र इकडे हुंग, तिकडे वळ, असा भटकत जातो. त्याचं बरोबर आहे, त्याला घरी जेवण तयार असतं. कायोटीला पावला-पावलाचा हिशेब ठेवावा लागतो. वाटेच्या मधोमध त्याची विष्ठा दिसली. त्यात केस आणि हाडांचे बारीक तुकडे होते. 'हा रस्ता माझा' अशी ती पाटीच म्हणा ना.

४. वारा कुणाचा? कायोटीचं नाक हे त्याचं सर्वांत मोठं हत्यार. हाक ऐकून तो सरळ धावत येईलच असं नाही. पुष्कळदा तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो, म्हणजे हाकेकडून येणारा वारा त्याच्या नाकात शिरेल. तिथे त्याला सशाऐवजी माणसाचा वास आला की संपलं. म्हणून वारा तोंडावर किंवा बाजूनं येईल असं बसायचं आणि वारा जिकडे जातो ती बाजू मोकळी, नजरेच्या टप्प्यातली ठेवायची. मुलीनं बुटाच्या नाडीला लोकरीचा एक धागा बांधला होता. वारा फिरला की धागा सांगायचा. दोन पैशांचं यंत्र, पण चोख.

५. बसणं हीच कला. गाडी टेकडीआड लावली. दारं आपटली नाहीत, फक्त टेकवली. टेकडीच्या माथ्यावरून चालायचं नाही, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस मैलभरावरून दिसतो. सूर्य पाठीशी आणि पाठीला सेजब्रशचं झुडूप. झुडपाच्या मागे नाही, पुढे बसायचं, म्हणजे आपली आकृती त्यात मिसळते. मुलीच्या अंगात भडक नारिंगी जाकीट पाहून मी चकित झालो. पण कायोटीला लाल-नारिंगी रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत. दुसऱ्या शिकाऱ्यांना मात्र ते जाकीट लांबून दिसतं आणि चुकून गोळी लागत नाही. कायोटीला कळते ती हालचाल. नाक खाजवलंत की खेळ संपला! शिवाय दोघं असतील तर पाठीला पाठ लावून बसावं. सशाचा आकांत पुमाच्या कानावरही पडू शकतो आणि तो पाठीमागून येतो.

६. हाक हळू, धीर मोठा. पहिली हाक हलक्या आवाजात, कारण कायोटी पलीकडच्या झुडपातच असू शकतो. अर्धा-एक मिनिट फुंकायचं, मग थांबून बघायचं. पुन्हा थोडं मोठ्यानं. असं पंधरा-वीस मिनिटं. कुणी आलं नाही तर गुपचूप उठून पुढच्या जागी. एकाच जागी पुन्हा पुन्हा हाक मारली की कायोटी शहाणे होतात. एकदा फसलेला कायोटी ती हाक ऐकून उलट दिशेला जातो.

७. आलेला कोण? आणि त्याच्या मागे काय? हा शेवटचा नियम वडिलांनी गाडीत तीन वेळा म्हणून घेतला. हाकेला फक्त कायोटीच येतो असं नाही. कुणाचा पाळीव कुत्रा येईल, मांजराएवढी स्विफ्ट फॉक्स नावाची खोकड येईल, वायोमिंगच्या वायव्येला लांडगाही येईल. ओळख पटली नाही तर बंदूक खालीच. आणि ओळख पटली तरी त्याच्या मागे मातीचा चढ हवा, गोळी अडवणारा. मागे नुसतं आकाश असेल तर गोळी झाडायची नाही. रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. तिला परत बोलावणारी हाक अजून कुणी शोधलेली नाही.

तिसरी जागा

पहिल्या जागी कुणी आलं नाही. दुसऱ्या जागी दोन मॅगपाय पक्षी आले, आमच्याकडे तिरक्या मानेनं बघून शिव्या दिल्यासारखे कलकलले आणि गेले. माझे पाय एव्हाना माझे राहिले नव्हते.

तिसऱ्या जागी मुलीनं नळी ओठाला लावली. एकदा. थांबली. दुसऱ्यांदा. थांबली. नवव्या मिनिटाला समोरच्या टेकडीवर काहीतरी होतं. आधी नव्हतं, मग होतं. इतकंच. कधी आला ते तिघांपैकी एकालाही कळलं नाही.

कायोटी. माथ्यावर आडवा उभा. कान आमच्याकडे, अंगावरच्या केसांना उन्हाची कड. शंभर-सव्वाशे पावलांवर असेल. काल रात्री ज्या दिशेनं कुई आली, बरोबर तिथूनच आला होता. नकाशा, वारा, बसणं, हाक, सगळं जमून आलं होतं.

मुलीनं दुर्बिणीला डोळा लावला. मी श्वास धरला. वडील हलले नाहीत, बोलले नाहीत. तिचं बोट घोड्याच्या बाहेर, सरळ. पाच सेकंद. दहा. मग तिनं रायफल सावकाश मांडीवर ठेवली.

कायोटी दोन ढांगा उतरला, डावीकडे वळसा घातला, वाऱ्यात नाक वर केलं आणि नाहीसा झाला.

मुलीचे डोळे भरले होते. राग आला होता तिला, कायोटीचा नव्हे, टेकडीचा. "तीन महिने सराव केला मी," ती पुटपुटली. वडिलांनी एकच विचारलं, "मागे काय होतं?"

"आकाश."

"चल, बघू काय आहे ते."

आम्ही टेकडी चढलो. पलीकडे उतारावर शेकडो मेंढ्या पसरल्या होत्या. आमचा वास लागताच दोन पांढरे दांडगे कुत्रे भुंकत पुढे आले. आणि मेंढ्यांच्या कडेला चाकांवरची एक छोटी खोली उभी होती. छपरातून धुराची नळी निघालेली. दारात एक माणूस लाकडं फोडत बसला होता.

कुणीच काही बोललं नाही. वडिलांनी टोपी काढून हलवली. त्या माणसानंही हात केला.

तो मेंढपाळ दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून आलेला. पश्चिमेकडच्या या राज्यांत मेंढ्या राखायला पेरूहून बरेच जण येतात, महिनोन् महिने अशा चाकांच्या घरात एकटे राहतात. त्यानं आम्हाला कॉफी दिली. मुलीला शाळेत शिकलेलं स्पॅनिश येत होतं, तिनं विचारलं, "तुम्ही इथे कधीपासून?" तो म्हणाला, "काल दुपारपासून. परवा पलीकडे होतो. चारा संपला की घर हलतं."

म्हणजे आमच्या नकाशात तो नव्हताच! नकाशात टेकड्या असतात, चौकोन असतात. माणसं नसतात. माणसं चालती असतात.

परतताना मुलगी गप्प होती. रॉलिन्सच्या पेट्रोल पंपावर मी तिची वही पाहिली. तिनं लिहिलं होतं, "जागा ३. कायोटी १. मागे माणूस."

एवढंच.

पण त्याला मारायचंच का?

तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात हा प्रश्न केव्हाचा आला असेल. माझ्याही आला होता.

मेंढपाळाचं दुःख खोटं नाही. रात्रभर जागून जन्माला घातलेलं कोकरू सकाळी नाहीसं झालं की काय वाटतं, हे आपल्या धनगर बांधवांना विचारा. पण दुसरी बाजूही ऐका. शंभर वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत कायोटींना सापळे लावले, गोळ्या घातल्या, विष घातलं. ते विष गरुडांच्या आणि इतर जनावरांच्याही पोटात जाऊ लागलं, तेव्हा १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर त्याला बंदी घातली. सरकारी खातं आजही दरवर्षी हजारो कायोटी मारतं. आणि कायोटी? पूर्वी तो मुख्यतः पश्चिमेकडच्या माळांवर आणि वाळवंटांत होता. आता हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. शिकागोसारख्या महानगरातही तो राहतो आणि २००० सालापासून शास्त्रज्ञ तिथे त्याच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून त्याचा अभ्यास करत आहेत.

असं कसं झालं? एक कारण म्हणजे लांडगे. कायोटीला हुसकावणारे लांडगेच माणसानं जवळजवळ संपवले आणि रान मोकळं झालं. दुसरं कारण त्याच्या घरातच आहे. टोळीतले काही मारले गेले की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात, लहान वयाच्या माद्याही वितात. म्हणजे सरसकट मारून संख्या फार काळ कमी राहत नाही. कोकरं उचलायची सवय लागलेला नेमका एखादा कायोटी मारणं वेगळं आणि दिसेल तो मारणं वेगळं. जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस, अशा स्पर्धाही तिथे भरतात. त्यावर खूप वाद झाले. २०१४ साली कॅलिफोर्नियानं अशा बक्षिसांवर बंदी घातली, नंतर व्हर्माँट, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो अशा काही राज्यांनीही तशी पावलं उचलली. वायोमिंगमध्ये अशी बंदी नाही.

आणि ते दोन पांढरे कुत्रे आठवतात ना? त्या मेंढपाळानं सांगितलं, "रात्री कायोटी चारी बाजूंनी ओरडतात. हे दोघं उलट ओरडतात. या महिन्यात अजून एकही मेंढी गेली नाही." राखणीचे कुत्रे, रात्री बंद गोठा, कोकरं होण्याच्या दिवसांत जास्त जागता पहारा. हे उपाय जुने आहेत आणि आपल्या धनगरवाड्यालाही ते नवे नाहीत.

मी तिथून निघताना माझं मत शेजाऱ्याला सांगितलं. त्यानं त्याचं सांगितलं. आमचं एकमत झालं नाही. पण एका गोष्टीवर दोघांनीही मान हलवली : हाक मारणाऱ्यानं सशाचं दुःख खोटंखोटं उभं केलेलं असतं. त्या खोट्यावर विश्वास ठेवून कुणीतरी येतं. आल्यावर काय होईल याची सगळी जबाबदारी मग हाक मारणाऱ्याची.

तर, 'मला जमेल का?'

आता सांगलीच्या दोस्ता, तुझं उत्तर. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कोल्हा, लांडगा, खोकड या सगळ्यांना संरक्षण दिलंय. त्यांची शिकार हा गुन्हा आहे. योगायोग बघ, वर्ष तेच! आणि मोबाईलवर आवाज वाजवून प्राणी-पक्षी बोलावण्याचा उद्योगही करायचा नाही. आपल्याला गंमत वाटते, पण त्याचं पिल्लांना भरवणं अर्धं राहतं, उगाच धावपळ होते आणि कधी कधी जोडीदाराशी भांडणसुद्धा!

पण वरच्या यादीकडे पुन्हा बघ. सात गोष्टींपैकी हाक फक्त एक. उरलेल्या सहा तुला आजही करता येतील. त्यासाठी वायोमिंगला जायला नको. कोकणात, माळरानावर, अगदी मुंबईच्या खारफुटीतही कोल्हे आहेत. आणि कोल्हा नाही दिसला तरी टिटवी आहे, मुंगूस आहे, सरडा आहे.

तुम्ही सगळेच हे करून पाहा. या रविवारी कधीही न बसलेल्या एका जागी वीस मिनिटं बसा. गावाबाहेरचा माळ, तळ्याचा काठ, शाळेमागचं मैदान, कुठलीही जागा चालेल. मोठं माणूस बरोबर हवंच. कुठे जातो ते घरी लिहून ठेवा.

बुटाला किंवा काठीला एक धागा बांधा आणि वारा कुठून येतो ते पाहा. सूर्य पाठीशी घ्या. झाडाला टेकून बसा. पहिली पाच मिनिटं डोळे मिटून फक्त ऐका आणि किती वेगवेगळे आवाज आले ते मनात मोजा. मग डोळे उघडा आणि हलू नका. साधारण दहाव्या मिनिटाला एक गंमत होईल. तुम्ही आल्यामुळे गप्प झालेली जागा पुन्हा बोलायला लागेल. ती वेळ वहीत टिपा. आणि उठण्यापूर्वी समोरच्या झाडाच्या, बांधाच्या, टेकडीच्या मागे काय असेल याचा अंदाज लिहा. मग मोठ्यांबरोबर जाऊन बघा, अंदाज बरोबर आला का?

माझा सांगतो, दहापैकी सात वेळा चुकतो!

आईबाबांसाठी दोन ओळी : वीस मिनिटं मुलांबरोबर तुम्हीही बसा. फोन गाडीत राहू दे. आणि मूल "कंटाळा आला" म्हणालं तर तेव्हाच उठू नका. सातव्या मिनिटाला सगळ्यांनाच कंटाळा येतो. मलाही आला होता. कायोटी आला नवव्या मिनिटाला.

तुमच्या वीस मिनिटांच्या वह्या मला जरूर पाठवा. किती आवाज ऐकले, कितव्या मिनिटाला रान बोलू लागलं आणि टेकडीमागे काय निघालं ते लिहा. निवडक टिपणं आपण पुढच्या अंकांत छापू. आणि हो, सांगलीकरा, तुझं टिपण मला सगळ्यांच्या आधी हवं!

तोवर पाय जपून, कान उघडे.